मार्टिनिकला जाणाऱ्यांसाठी सूचना, मुक्काम कर्वेनगर

मार्टिनिक बेटावर जाणाऱ्यांसाठी मी लिहिलेल्या नऊ उपयुक्त सूचना आमच्या सोसायटीतल्या बऱ्याच लोकांनी फोनमध्ये जपून ठेवल्या आहेत. मी स्वतः मार्टिनिकला कधीही गेलेलो नाही.

(हे मी आजवर इतक्या जणांना सांगितलंय की आता लाजही वाटत नाही. नुसता थकवा येतो.)

आमची मुलगी ऋतुजा दगडांची डॉक्टर आहे. म्हणजे दगडांवर पीएचडी. पुण्याच्या आसपासचे काळे कातळ फोडून तिचं समाधान होईना, म्हणून दोन वर्षांची नोकरी धरून ती थेट एका ज्वालामुखीच्या पायथ्याशी जाऊन बसली. हा ज्वालामुखी कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक नावाच्या बेटावर आहे. जावई अद्वैत तेव्हा कंपनीच्या बसने रोज हिंजवडीला जायचा. "बाबा, हिंजवडीच्या ट्रॅफिकपुढे ज्वालामुखी परवडला," असं म्हणून त्याने घरून काम करायची परवानगी काढली आणि तोही गेला. वर्षभराने ऋतुजाला दिवस गेले. बाळंतपणाला तिला इकडे येता येईना, तेव्हा आम्ही दोघांनी तिकडे जायचं ठरलं. आम्ही दोघं म्हणजे माझी बायको वसुधा आणि मी, देवधर. अडतीस वर्षं सरकारी कचेरीत काढली. काम एकच : लोकांचे अर्ज तपासणे आणि त्रुटी काढून परत पाठवणे.

हे शेवटचं वाक्य नीट लक्षात घ्या. कारण पुढे जे झालं ते एका त्रुटीमुळेच झालं.

ऋतुजाने फोनवर सांगितलं, "बाबा, हे बेट वसाहतीच्या काळापासून फ्रान्सकडे आहे. आता तर फ्रान्सचा एक जिल्हाच आहे म्हण ना. पण व्हिसा मात्र वेगळा लागतो हं. आईचे कागद मी करते, तुझेही करते."

माझ्या कानात 'जिल्हा' हा शब्द शिरला आणि दार लावून घेतलं. पुढचं काही आत आलंच नाही. आदल्या वर्षी मी ज्येष्ठ नागरिकांच्या सहलीबरोबर युरोप पाहून आलो होतो. (वसुधाचे गुडघे दुखत होते, ती आली नव्हती.) माझ्या पासपोर्टावर युरोपचा व्हिसा होता, मुदत शिल्लक होती आणि कितीही वेळा जा-ये करायची मुभा होती.

"माझं काही करू नकोस," मी म्हणालो. "माझ्याकडे फ्रान्सचा व्हिसा आहे."

"बाबा, तो इथे चालत नाही."

"ऋतुजा, पुण्याहून सोलापूरला जायला वेगळा व्हिसा लागतो का?"

"बाबा, एकदा नीट वाच तरी!"

"अडतीस वर्षं वाचलंय!"

वसुधाचा पासपोर्ट परत आला तेव्हा त्यावर दोन व्हिसे होते. एक पॅरिसपुरता, एक मार्टिनिकपुरता. एकाच देशाचे दोन! मला हसू आलं आणि काळजीही वाटली. पोरीने घाबरून दोनदा अर्ज केला असणार आणि आता चिकटवलेले ते दोन व्हिसे बघून पॅरिसला हिला अडवणार. मी ताबडतोब इंग्रजीत दोन पानी खुलासा लिहिला : 'माझ्या पत्नीच्या पासपोर्टावर चुकून दोन व्हिसे लागले आहेत, तरी सहानुभूतीने विचार व्हावा.' त्याच्या तीन प्रती काढल्या.

वसुधा म्हणाली, "समोरच्या वाघमारे साहेबांना एकदा दाखवता का कागद?"

वाघमारे साहेब उपजिल्हाधिकारी म्हणून निवृत्त झालेले. माणूस मितभाषी. एका वाक्यात काम होत असेल तर दुसरं खर्च करत नाहीत. तेही म्हणाले होते, "देवधर, व्हिसावर खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते पाहिलंत?" मी म्हणालो, "पाहिलंय." पाहिलं होतं. वाचलं नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी सोसायटीने आम्हाला निरोप दिला. शाल, श्रीफळ आणि वर माझं भाषण. विषय मीच सुचवला होता : 'परदेश प्रवासातले घोटाळे आणि ते कसे टाळावेत'. चाळीस मिनिटं बोललो. बॅगा कशा भराव्यात तेही सांगितलं. नवरा-बायकोने आपापली वेगळी बॅग भरू नये. प्रत्येकाचं निम्मं सामान दोन्ही बॅगांत घालावं, म्हणजे एक बॅग हरवली तरी दोघांचंही अडत नाही. टाळ्या पडल्या. पहिल्या मजल्यावरच्या परांजपे वहिनींनी तर वहीत लिहून घेतलं, कारण त्या दोघांना पुढच्या वर्षी तिकडे जहाजाने जायचं होतं. "भाऊजी, तिथून रोज एक सूचना ग्रुपवर टाकाच!" त्या म्हणाल्या. मी शब्द दिला.

मुंबईहून पॅरिसपर्यंत काहीच झालं नाही. पुढचं तिकीट मी हुशारीने वेगळं काढलं होतं, त्यामुळे पुढचे कागद मुंबईत कोणी विचारलेच नाहीत. पॅरिसला एका विमानतळावरून दुसऱ्या विमानतळावर गेलो, रांगेत उभे राहिलो आणि खिडकीपाशी पोचताच मी वसुधाचा खुलासा पुढे सरकवला.

काउंटरवरच्या मुलीने तो वाचला. वसुधाचा पासपोर्ट पाहिला. "मॅडमचं सगळं बरोबर आहे," ती म्हणाली. मग माझा पासपोर्ट उघडला. एक पान उलटलं, दुसरं उलटलं, शेवटून पुढे आली, पासपोर्ट उभा धरून हलकेच झटकलासुद्धा. "तुमचा दुसरा व्हिसा कुठेय?"

"दुसरा कशाला? फ्रान्स इज फ्रान्स!"

तिने बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. हा व्हिसा युरोपातल्या फ्रान्सपुरता. समुद्रापलीकडच्या फ्रान्सला चालणार नाही. मी तिला पुणे-सोलापूरचा दाखला दिला. तिने गंभीरपणे विचारलं, "सोलापूर इज इन फ्रान्स?"

मागची रांग चुळबुळायला लागली. मी तिच्या साहेबांना बोलवायला सांगितलं. साहेब आले. त्यांनीही तिथेच बोट ठेवलं. अडतीस वर्षं मी ज्या चेहऱ्याने लोकांना 'पुढच्या सोमवारी या' म्हणत आलो, तोच चेहरा. फक्त गोरा.

विमान सुटायला पाऊण तास होता. वसुधाने पर्स खांद्याला लावली. "मी जाते."

"एकटी? तुला फ्रेंच येत नाही!"

"तुम्हाला येतं?"

"अगं, पण तू कधी एकटी कोथरूडच्या पुढे..."

"अहो, बाळंत व्हायचंय ते तिला. तुम्हाला नाही. तुम्ही घरी जा, वेळेवर जेवा, वाघमाऱ्यांकडे डबा सांगा." आणि ती गेली. वळून पाहिलंसुद्धा, पण ते बहुधा बॅग पट्ट्यावर नीट गेली का ते बघायला.

बॅग! तिच्याबरोबर गेली त्या बॅगेत माझ्या निम्म्या विजारी. माझ्याकडे राहिलेल्या बॅगेत तिच्या निम्म्या साड्या, तिने जुन्या मऊ सुती साड्यांची शिवलेली सगळी दुपटी-टोपडी आणि बाळंतिणीसाठी केलेले डिंकाचे नि अळिवाचे लाडू. बॅगा उघडून अदलाबदल करायला वेळच नव्हता.

मी परतीचं विमान धरलं. शाल-श्रीफळ घेतल्यापासून पुरते चार दिवसही झाले नव्हते. मुंबईहून पुण्याला येताना टॅक्सीत मला एकच दिसत होतं. सोसायटीचं फाटक, बाकावरची मंडळी आणि परांजपे वहिनींची वही. अंगातलं सगळं बळ गेलं होतं. कुणाला काही सांगण्याइतकं तर नव्हतंच. मग मला वाटलं, सांगायचंच कशाला? नवा अर्ज करायचा, व्हिसा कचेरीत बारा दिवसांनंतरची वेळ मिळतेय, व्हिसा आला की गुपचूप निघून जायचं. गेलो होतो, मध्ये आलो होतो, हे कळणार कुणाला?

दुपारी अडीच वाजता कर्वेनगरला उतरलो. वॉचमन खुर्चीत झोपला होता. लिफ्टचा आवाज होतो म्हणून तेवीस किलोची बॅग छातीशी धरून तीन मजले चढलो, चोरासारखं आपल्याच घराचं कुलूप काढलं आणि आत जाऊन आतून कडी लावली.

संध्याकाळी ग्रुपवर परांजपे वहिनी : 'भाऊजी, पोचलात का?'

मी लिहिलं : 'पोचलो.' यात एक अक्षर खोटं नव्हतं.

'कसं आहे?'

'ऊन आहे,' मी लिहिलं. तेही खरंच होतं.

इथपर्यंत मी सत्यवचनीच होतो. पण लगेच मागणी आली : 'सूचना क्र. १?' आणि पाय घसरला. वसुधाचा रोज फोन यायचा. ती काय काय सांगायची ते मी कागदावर टिपून घ्यायचो आणि सकाळी सूचना म्हणून टाकायचो. 'दुकानात शिरताना आधी नमस्कार म्हणजे 'बोंझूर' म्हणावे, न म्हटल्यास दुकानदार ओळख देत नाही.' (यावर उत्तर आलं, 'पुण्यात म्हटलं तरी देत नाही.') 'रविवारी दुपारनंतर बस मिळत नाही.' 'किनाऱ्यावर ज्या झाडाच्या खोडाला लाल पट्टा असेल त्याखाली पावसात उभे राहू नये, त्याचा चीक अंगावर पडल्यास फोड येतात.' 'तिथली वेळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे आहे, हिशेब नीट करावा.' लोक अंगठे उंचावत होते. आयुष्यात माझ्या लेखनाला एवढा मान कधी मिळाला नव्हता!

इकडे घरात माझी अवस्था कैद्याची झाली होती. टीव्ही नाही. पंखा एकवर. कुकरची शिट्टी नाही. भात उघड्या पातेल्यात शिजवला असता, पण वरणाला फोडणी दिली की वास दाराखालून सरळ वाघमाऱ्यांच्या स्वयंपाकघरात. फ्रीज निघतानाच रिकामा केलेला. राहिले लाडू. सकाळी डिंकाचा, संध्याकाळी अळिवाचा. बाळंतिणीला ताकद यावी म्हणून केलेला तो खुराक मी आठ दिवस खाल्ला. ताकद आली, पण ती वापरायला जागा नव्हती. कपडे बाल्कनीत वाळत घालायची सोय नाही, म्हणून खुर्च्यांवर पसरायचे. ते तीन-तीन दिवस ओले राहायचे. माझ्या चांगल्या विजारी तिकडे समुद्राची हवा खात होत्या. शेवटी मी वसुधाचा फुलाफुलांचा गाऊन चढवला. (एक सांगतो, उकाड्यात त्याच्यासारखं दुसरं वस्त्र नाही. पण ते असो.)

वसुधा रोज विचारायची, "वाघमाऱ्यांकडून डबा येतोय ना?"

"येतोय."

"भाजी काय होती आज?"

"...अळीव."

"अळू म्हणायचंय का तुम्हाला?"

"हो, तेच ते."

अशी दोन्हीकडे थाप मारताना माणूस थकतो हो. सकाळी सोसायटीसाठी मी मार्टिनिकला असायचो, रात्री बायकोसाठी वाघमाऱ्यांकडे जेवायला. घरात मी नव्हतोच कुठे.

सहाव्या दिवशी मी सूचना टाकली : 'इथे माशांचे पदार्थ फार, तरी शाकाहारी मंडळींनी काळजी करू नये. जागोजागी बटाटेवड्यासारखे गरम वडे मिळतात, ते निर्धास्त खावेत.' परांजपे वहिनींनी तीन वेळा आभार मानले. रात्री वसुधा फोनवर सहज म्हणाली, "ते काल सांगितलेले वडे आहेत ना, त्यात खारवलेला मासा असतो हं! बरं झालं मी विचारलं." मी घाईघाईने शुद्धिपत्रक काढलं. त्यावर एकाने विचारलं, 'म्हणजे तुम्ही खाल्लेत का?' मी लिहिलं, 'एकच.' घराण्यात पहिल्यांदा मासे खाल्ले, तेही न खाता.

मग 'फोटो टाका' सुरू झालं. मी बाल्कनीच्या दाराच्या फटीतून कुंडीतल्या जास्वंदीचा जवळून फोटो काढला आणि टाकला : 'इथली रानफुले'. सगळ्यांनी वाहवा केली. वाघमारे साहेबांनी मात्र मला एकट्याला निरोप पाठवला : 'फुलं सुंदर. आमच्या बाल्कनीतूनही अगदी अशीच दिसतात.' मी उत्तर दिलं : 'निसर्ग सगळीकडे सारखाच.' अडतीस वर्षं अर्ज तपासणाऱ्या मला त्यातली खोच कळू नये!

नववा दिवस. सकाळी सात वाजता मी सूचना क्रमांक नऊ सोडली : 'पहाटेची वेळ फिरायला उत्तम. आत्ताच आम्ही दोघे समुद्रावरून चालून आलो. कोवळे ऊन अंगावर घ्यावे.'

वाघमारे साहेब, तीन मिनिटांनी : 'तिकडे आत्ता रात्रीचे साडेनऊ ना?'

काय लिहावं म्हणून मी 'ढगाळ' हा शब्द टाइप करत होतो, तेवढ्यात फोन वाजला. वसुधा.

"अहो, मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. आत्ता अर्ध्या तासापूर्वी."

तोंडून आरोळीच निघणार होती. पण आरोळी ठोकायची सोय नव्हती! मी बॅगेतलं हाताला लागेल ते दुपटं ओढलं, तोंडात कोंबलं, न्हाणीघरात जाऊन दार लावलं आणि बादलीवर बसून रडलो. हसतही होतो. आजवर एवढा आनंद झाला नव्हता आणि एवढा आनंद इतक्या हळू आवाजात तर कुणालाच झाला नसेल. वसुधा तिकडून विचारत होती, "अहो, ऐकताय ना? बोलत का नाही?" मी दुपट्यातून 'हूं' म्हणालो.

"एकटेच आहात ना? थांबा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

ती सोसायटीच्या ग्रुपवर होती. फक्त कधी उघडून बघायची नाही. त्या सकाळी तिने उघडला. माझ्या सूचना वगैरे काही वाचल्या नाहीत, सरळ बाळाचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं : 'आम्हाला नात झाली! आजोबा व्हिसामुळे येऊ शकले नाहीत, गेले आठ दिवस घरी एकटेच आहेत. कृपया कुणीतरी जाऊन त्यांचं तोंड गोड करा.'

माझ्या कोवळ्या उन्हाच्या बरोबर खाली.

पाच मिनिटांत जिन्यात चपला वाजू लागल्या. पुष्कळ चपला. बेल वाजली.

बाहेरून वाघमारे साहेबांच्या पत्नी, सुजाताताई म्हणाल्या, "भाऊजी, समुद्रावरून आला असाल तर दार उघडा. पेढे मिळायला दुकान उघडलेलं नाही, साखर आणलीये."

मी दार उघडलं. फुलाफुलांचा गाऊन, आठ दिवसांची दाढी, डोळे सुजलेले, हातात बाळाचं दुपटं. समोर अर्धी सोसायटी. परांजपे वहिनी वही घेऊन आल्या होत्या. त्यांनी पेन उघडलं आणि विचारलं, "भाऊजी, हा तिथला पोशाख का?"

जो हशा झाला तो खालच्या फाटकापर्यंत गेला असणार, कारण वॉचमन वर आला. मला पाहून म्हणाला, "साहेब, तुम्ही कधी आले?" हा प्रश्न विचारणारा तो एकटाच प्रामाणिक.

सुजाताताईंनी माझ्या तोंडात साखर घातली. "आजोबा झालात, आता तरी जेवायला या. आठ दिवस कसलाच वास नाही तुमच्या घरातून. काळजी वाटायला लागली होती."

"म्हणजे?" मी वाघमारे साहेबांकडे पाहिलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"दुसऱ्या दिवसापासून. वीज मीटर फिरत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही प्रवासात होता. मध्येच व्यत्यय कशाला?"

त्या दिवशी मी वाघमाऱ्यांकडे भाकरी, पिठलं आणि तीन वाट्या भात जेवलो. जेवता जेवता बाळाचे फोटो सगळ्यांना फिरून फिरून दाखवले. बाळाला गुंडाळलं होतं ते माझ्या निळ्या रेघांच्या विजारीच्या कापडात. दुपटी इकडे राहिली म्हणून वसुधाने कात्री चालवली होती! नातीच्या अंगाला आजोबांकडचं पहिलं वस्त्र लागलं ते असं. मला परत रडू आलं, पण या वेळी मोठ्याने रडलो. कुणी अडवलं नाही.

नवा अर्ज मी केला. वाघमारे साहेबांनी शेजारी बसून एकेक ओळ वाचायला लावली, मोठ्याने. तरी मी जन्मतारखेच्या जागी त्या दिवसाची तारीख लिहिली आणि अर्ज परत आला. दुसऱ्यांदा गेला तोवर वसुधाच्या परतीची वेळ झाली, आणि ऋतुजा म्हणाली, "बाबा, तू राहू दे आता. आम्हीच येतो."

ती मंडळी पुण्याला आली तेव्हा नात सात महिन्यांची होती. तोवर आमची रोज फोनवर भेट व्हायची. ती माझं तोंड बघून हसायची आणि मी तिला खडकवासल्याला फिरायला नेण्याची आश्वासनं द्यायचो. विमानतळावर ऋतुजाने तिला माझ्या हातात दिलं. ती माझ्याकडे बघत राहिली. माझ्या कानामागे डोकावली. मग इवलंसं बोट पुढे करून माझ्या नाकावर ठेवलं आणि जोरात दाबलं. एकदा, दोनदा, तीनदा.

"ओळखलं!" मी गहिवरून म्हणालो. "माया करतेय माझी!"

"नाही बाबा," ऋतुजा म्हणाली. "फोन बंद करतेय."